'रीइफाय' म्हणजे स्वप्न साकार करणं नव्हे

भाषांतरवाली:
काल कुणीतरी लिहिलं, 'आमच्या टीमनं कंपनीचं व्हिजन रीइफाय केलं.' वर अभिनंदनांचा पाऊस! वीस वर्षं समाजशास्त्राची भाषांतरं करतेय, म्हणून राहवत नाही. हा शब्द कौतुकाचा नाही, दोष दाखवणारा आहे. 'बाजार घाबरला' म्हणतो ना आपण? जणू बाजार नावाचा कुणी माणूसच आहे, आणि खरेदी-विक्री करणारी खरी माणसं गायब. माणसांच्या व्यवहाराला असं स्वतंत्र वस्तू मानून बसणं, हे रीइफिकेशन. हंगेरियन मार्क्सवादी विचारवंत लुकाचनं १९२३ मध्ये मांडलं ते याच अंगानं. स्वप्नासाठी 'साकार' आहे की!

कोडकरी:
ताई, समाजशास्त्र म्हणजे अख्खी इंग्रजी नव्हे. लॅटिन 'रेस' म्हणजे वस्तू, तिच्यावरून रीइफाय. कॉटलिन या प्रोग्रामिंगच्या भाषेत 'रीइफाइड' चक्क कीवर्ड, म्हणजे राखीव शब्द आहे. एरवी जेनेरिक कोडमध्ये, म्हणजे अनेक प्रकारच्या माहितीसाठी एकदाच लिहिलेल्या कोडमध्ये, माहितीचा प्रकार (टाइप) प्रोग्राम जेव्हीएमवर चालताना पुसला जातो. इनलाइन फंक्शनमध्ये रीइफाइड लिहिलं की तो टाइप हाताशी राहतो. रोज वापरतो मी. यात दोष कुणाचा?

भाषांतरवाली:
कालचं वाक्य कोडबद्दल नव्हतं.

नाशिकची आई:
तुम्ही शब्दावरून भांडताय, आम्ही भोगलंय. मुलगा दुसरीत असताना शाळेनं बुद्धिमत्तेची चाचणी करवली. आकडा आला ७८. त्या दिवसापासून मागचा बाक. 'त्याचा आयक्यूच तेवढा', बाई माझ्या तोंडावर म्हणाल्या. अहो, फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेनं १९०५ मध्ये चाचणी बनवली ती कुठल्या मुलाला जास्त मदत लागेल हे कळावं म्हणून! आज माझा मुलगा मोटारी रिवाइंड करतो, नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो.

निवृत्त मास्तर:
वर्गात साठ पोरं असली की कळतं. बाईंना नावं ठेवणं सोपं आहे. आकडा कागदावर नसेल तर मदत मागायची कशाच्या जोरावर?

नाशिकची आई:
मदत मिळाली असती तर तो आकडा डोक्यावर घेऊन नाचले असते, सर. मिळाला तो बाक.

निवृत्त मास्तर:
बाक चुकला. चाचणी चुकली असं मी म्हणणार नाही.

भाषांतरवाली:
सर, मी तेच सांगतेय! चाचणीनं एका दिवसाचं उत्तर दिलं. पोराच्या डोक्यात ७८ नावाची वस्तू बसवली ती मोठ्यांनी.

कोडकरी:
बरं, आयक्यूपुरतं मान्य. पण 'मूर्त रूप देणे' हा अर्थ शब्दकोशात आहे, त्याला चूक म्हणू नका.

भाषांतरवाली:
आहे, मानलं. तरी रीइफिकेशनला मराठीत मी 'वस्तूकरण'च लिहिणार. 'मूर्तीकरण' म्हटलं की सगुण भक्ती आठवते, आणि निर्गुणाला रूप देण्यात आपल्याकडे कुणी दोष पाहत नाही.

निवृत्त मास्तर:
'वस्तूकरण' तर जाहिरातीतल्या बायकांबद्दल लिहितात. मुलं परीक्षेत कुठला अर्थ धरणार?