बारावी झाली पण वय सोळाच! मधलं वर्ष तुम्ही कसं काढलंत?

रानजाई: भाचीचा बारावीचा निकाल लागला, मार्क छान आहेत, पण पोरगी सोळाचीच आहे. लहानपणी शाळेने एक इयत्ता वर बसवलं होतं. मेडिकलच्या नीट परीक्षेला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण लागतात आणि हिचा वाढदिवस जानेवारीत, फॉर्मच भरता आला नाही. मैत्रिणी दिवसभर कटऑफचं बोलतात आणि ही गप्प. तिला बघून माझं १९९३ आठवलं. मीही सोळाव्या वर्षी बारावी झाले, वडील म्हणाले एवढ्या लहान पोरीला पुण्याला होस्टेलवर ठेवायचं नाही, वर्षभर थांब. साताऱ्यात घराजवळ टायपिंगची इन्स्टिट्यूट होती तिथे नाव घातलं. रेमिंग्टनचं मशीन, करंगळीने ए दाबायला इतका जोर लागायचा की रात्री बोट ठणकायचं, आणि अक्षरांकडे बघायचं नाही म्हणून सर हातांवर फडकं टाकायचे. दुपारी नगर वाचनालय. तिथे वाचता वाचताच ठरलं की सायन्स सोडायचं आणि मराठी घेऊन बीए करायचं. ते वर्ष मिळालं नसतं तर मी नक्की बीएस्सी करत बसले असते. कोणाचं असं लवकर आटपलं असेल तर लिहा ना, तिला वाचायला देणार आहे.

कृष्णाकाठ: आमच्याकडे उलटं, गुरुजींनी पहिलीत घेताना जन्मतारीख सरळ १ जून लावली. वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जून 😄 कागदावर मोठा, खरं वय कमी, त्यामुळे नियम कुठे आडवे आले नाहीत पण कॉलेजात सगळे दाढीवाले आणि मी हाफ चड्डीतून नुकता बाहेर.

चिंचगुळ: १ जून!! सासरे, दीर, नणंदेचे मिस्टर, तिघांचा एकच दिवस. केक एकच आणतो.

पायवाट: माझं पदवीला अडलं. एकोणिसाव्या वर्षी बीकॉम, घरच्यांना वाटलं आता पोरगा लगेच कलेक्टर, पण यूपीएससीला १ ऑगस्टला २१ पूर्ण पाहिजेत. मग एका सीएंकडे, आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची उमेदवारी) नाही, साधं कामाला लागलो, व्हाउचर लावायची, बँकेत स्लिपा भरायच्या, दुकानदारांच्या खतावण्या बघायच्या. तो ताळेबंद वाचायचा सराव आज नोकरीत रोज उपयोगी पडतो. परीक्षा नंतर दिली, नाही झाली, त्याचं वेगळं कधीतरी.

सिएटलची_आजी: नातवाचं सांगते. इकडे वॉशिंग्टन राज्यात रनिंग स्टार्ट म्हणून योजना आहे, अकरावी बारावीची मुलं कम्युनिटी कॉलेजात जाऊन विषय करतात, ट्यूशन फी नाही, आणि ते क्रेडिट शाळेलाही धरतात. त्यामुळे त्याचं हायस्कूल वर्षभर आधी संपलं. सून म्हणे लगेच युनिव्हर्सिटी, मुलगा म्हणे थांबू दे. तो स्वतः म्हणाला मला घरून कॉलेज करायचंय आणि संध्याकाळी लायब्ररीत लहान मुलांना शिकवायचंय. स्वयंपाकही शिकला माझ्याकडून, पिठलं उत्तम करतो, गुठळी होत नाही. लिहायचं पुष्कळ आहे पण कुकरची शिट्टी झाली.

चिंचगुळ: आजी गुठळी होऊ नये म्हणून काय करता तेवढं सांगून जा

सिएटलची_आजी: पीठ आधी गार पाण्यात कालवायचं गं, उकळत्यात कोरडं भुरभुरायचं नाही.

मु_पो_चाकण: मी दहावीनंतर डिप्लोमा. मेकॅनिकल, तीन वर्षांत हातात सर्टिफिकेट पण अठराला काही महिने कमी. कंपनीच्या गेटवर आधार बघितलं की परत. शेवटी मामाच्या लेथच्या वर्कशॉपला बसलो, बोअरिंगला व्हर्नियर कसा धरायचा, चिपचा रंग बघून टूल बोथट झालंय हे कसं ओळखायचं हे तिथे कळलं. नंतर इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला ॲडमिशन घेतली तेव्हा वर्गात प्रॅक्टिकलला पोरं माझ्याकडे यायची.

ओवी२२: मी मात्र थांबले नाही, सोळाव्या वर्षीच घरापासून लांब होस्टेल. अभ्यास झेपत होता हो, बाकी काही झेपत नव्हतं. रूममेट मोठ्या, त्यांच्या गप्पा वेगळ्या, मेसमध्ये ताट घेऊन कुठे बसायचं तेच कळायचं नाही. रेक्टरबाई रोज रात्री खोलीत डोकावून जेवलीस का विचारायच्या म्हणून टिकले. रानजाई, भाचीला विचारा तिला काय वाटतं, पोरी घरात बोलत नाहीत.

रानजाई: ओवी, वाचून गलबललं. आजच बोलते तिच्याशी.

पायवाट: एनडीएचा, म्हणजे सैन्यात अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीचा विचार केलाय का? साडेसोळाला चालतं आणि २०२२ पासून मुलींनाही घेतात. आर्मीला कुठलीही शाखा चालते, नेव्ही एअरफोर्सला फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स लागतं.

रानजाई: तिच्याकडे मॅथ्स नाही, बायोच आहे. आणि डॉक्टरच व्हायचं म्हणते, पुढच्या वर्षी नीट देणारच. फक्त दिवसभर क्लास नको म्हणाली. सकाळी अभ्यास, दुपारी गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंबरोबर घरोघरी फिरायचंय तिला.

ओवी२२: अगं किती छान!! जाऊ दे जाऊ दे.

कृष्णाकाठ: पुढच्या वर्षी ॲडमिशनला गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, तेवढं आधी करून ठेवा, ऐनवेळी तहसीलला रांग असते.

मु_पो_चाकण: टायपिंग अजून लागतं का कुठे? बहिणीला घालायचं म्हणतोय.

रानजाई: लागतं की. सरकारी लिपिक-टंकलेखकला मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मागतात. आता कॉम्प्युटरवर असतं, बोट ठणकणार नाही.