बाहेरच्या पायऱ्यांना न घसरणारा रेझिनचा थर : मदत हवी आहे

आंबेवाडी : रत्नागिरीजवळ घर आहे. रस्त्यावर चढायला बाहेर पायऱ्या आहेत, पावसात पाय ठरत नाही. परवा आई घसरली, मनगट सुजलंय. रेझिनवर (सुकून कडक होणारा चिकट द्रव) वाळू टाकून खरखरीत थर करतात तो टिकतो का? खर्च किती? गणपतीआधी व्हायला हवं. लवकर सांगा.

चिरेबंदी : पायऱ्या कशाच्या? जांभा, कडप्पा, सिमेंट? ऊन लागतं का?

रॅम्पवाला : कशाच्याही असोत, इपॉक्सी रेझिनच करा. आधी प्रायमर, म्हणजे पकड धरणारा पहिला हात, मग रेझिन, ते ओलं असतानाच क्वार्ट्झ वाळू भरपूर पखरायची. सुकल्यावर सुटी वाळू झाडून वरून आणखी एक हात. आमच्या गोदामाच्या रॅम्पवर ट्रक चढतात.

चिरेबंदी : गोदाम छपराखाली असेल. उघड्यावर इपॉक्सी उन्हानं पिवळं पडतं, भुकटी सुटते. वरचा हात ऊन सोसणाऱ्या पॉलियुरेथेनचा हवा.

रॅम्पवाला : पिवळं पडलं म्हणून घसरतं का? पकड वाळूची असते.

मोगरा : बाथरूमसाठी आम्ही जाळीची रबरी मॅट आणली. सासूबाई आता न घाबरता जातात. जरूर घ्या.

आंबेवाडी : ताई, पायऱ्या बाहेर आहेत. जांभ्याच्याच, आमच्याकडे दुसरं काय असणार? खालच्या पायऱ्या फणसाच्या सावलीत, शेवाळ तिथेच.

चिरेबंदी : मग आत्ता रेझिन नकोच! जांभा सच्छिद्र, मातीतलं पाणी ओढतो. वरून थर बंद केला की फोड येतात, पापुद्रे सुटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पायरीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आत दव दिसलं तर तेव्हाही नको.

रॅम्पवाला : ओल सोसणारे प्रायमर मिळतात.

चिरेबंदी : भिजलेल्या चिऱ्यावर श्रावणात लावणार?

माडाखाली : आधी शेवाळ काढा. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून ओता, थोड्या वेळानं खराट्यानं घासून भरपूर धुवा. त्यात संडास धुवायचं अ‍ॅसिड मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो, छातीत भरतो. फणसाची खालची फांदी उतरवा, वारा-ऊन लागू दे. तोवर आईंच्या वाटेवर झावळ्या टाका, कुजल्या की बदला. आणि एका बाजूला कठडा घालाच.

आंबेवाडी : उद्या पावडर आणतो. कठड्याला पाइप दीड इंची पुरेल का? आईची मूठ लहान आहे. रेझिनचा दर अजून कुणीच सांगितला नाही.

रॅम्पवाला : दीड इंची पुरेल. पायऱ्या किती, रुंदी किती ते आधी लिहा, मग दर.