डेकला सागवान, डब्ल्यूपीसी की शहाबादी? आणि रेलिंग कशाचं करावं?

तेरणाकाठ
नमस्कार. औसा तालुक्यात आमचं गावाकडचं घर आहे. जोतं तीन फूट उंच, त्यामुळे स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून अंगणात उतरायला पाच अरुंद पायऱ्या. आईच्या गुडघ्यांना त्या आता झेपत नाहीत. म्हणून दारालगत, जोत्याच्याच उंचीला, बारा बाय दहाचा डेक करायचाय. शेजारी कडुनिंब आहे, पण दुपारी एक ते चार थेट ऊन. जमीन काळी.

१९९३च्या भूकंपानंतर आमचं माळवद उतरवलं, त्याच्या नऊ सागवानी तुळया अजून गोठ्यात आहेत. वडिलांनी शेवटपर्यंत विकू दिल्या नाहीत. त्यांच्याच फळ्या पाडाव्यात असं मनात आहे. सुतार म्हणतो होईल. फॅब्रिकेटर म्हणतो वाळवी लागेल, डब्ल्यूपीसी टाका, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्या. भाऊ म्हणायलाय शहाबादी घाल अन् मोकळी हो. रेलिंगचंही ठरत नाही. घरात दोन वर्षांची भाची आहे, ती कशावरही चढते.

बालाघाट
भावाचं ऐका ताई. आमच्या ओट्यावर वीस वर्षांपासून शहाबादी आहे. फक्त भराव थराथरानं पाणी मारून धुमसून घ्या. आमचा पहिला ओटा दुसऱ्याच पावसाळ्यात खचला, काठी आपटली की फरशी पोकळ वाजायची. आणि अॅसिडनं धुऊ नका. चुनखडीचा दगड आहे, अॅसिड त्याला खातं.

पूर्णाकाठ
डब्ल्यूपीसी आम्ही परभणीत गच्चीवर टाकलं. वाळवीची काळजी नाही हे खरं. पण गडद चॉकलेटी रंग घेतला, आता मे महिन्यात दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही. बसवणाऱ्यानं फळ्या टोकाला टोक भिडवून ठोकल्या, उन्हात वाढल्या आणि मधोमध उचलल्या गेल्या. अर्ध्या काढून पुन्हा बसवाव्या लागल्या. घ्यायचंच तर फिकट रंग घ्या, कंपनी सांगते तेवढी फट सोडायला लावा. दाराच्या चौकटीचा फोमसारखा बोर्डही डब्ल्यूपीसी म्हणूनच विकतात, तो डेकला चालत नाही.

गोदातीर
ताई, नांदेडकडं बांधकामातच माझी सगळी वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वर काय टाकायचं ते शेवटी ठरवा. तुमची जमीन काळी आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते. तीन फूट भराव करून ओटा बांधलात तर तो जोत्यापासून सुटणार, मग ती फट दर वर्षी बुजवत बसाल. त्यापेक्षा खांबांवरचा पोकळ डेक बरा. प्रत्येक खड्डा काळी माती ओलांडून पक्का मुरूम लागेपर्यंत न्या, मग तो पाच फुटांवर लागो की सात. डेक घराच्या भिंतीला बांधू नका. इंचभर जागा सोडून त्याच्याच पायावर उभा करा, म्हणजे जमीन हलली तरी घराला ताण नाही. खड्डे कडुनिंबाच्या बुंध्यापासून लांब घ्या.

काँक्रीटचे ठोकळे जमिनीच्या वर सहा इंच आणा आणि त्यावर प्लेट ठेवून लोखंडी खांब उभे करा. खांब काँक्रीटमध्ये पुरला की नेमका त्या सांध्यात पाणी थांबतं. रेलिंगचे खांबसुद्धा मी बुडाशीच सडलेले पाहिलेत, वरून रंग नवा आणि खाली बोट घातलं तर पापुद्रा निघतो. तीन बाजूंनी जाळी लावा, नाहीतर खाली उंदीर आणि त्यांच्यामागं साप. एका जाळीला कडी ठेवा, वर्षातून दोनदा आत बघता आलं पाहिजे. वाळवीचे मातीचे बोळ खांबावर आधी दिसतात.

आता तुळया. माळवदाचं सागवान म्हणजे पूर्ण वाळलेलं, आजच्या बाजारात तसलं मिळणं कठीण. पण तुळईची जी टोकं भिंतीत होती ती आधी बघा. तिथं ओल आणि वाळवी असते. टोच्या मारा, आत गेला तर तेवढा भाग कापून टाका. करवतीला द्यायच्या आधी खिळे चुंबकानं शोधा. फिकट, बाहेरच्या थराचं लाकूड डेकला नको, गाभ्याचंच घ्या. फळ्यांत पाव इंच फट ठेवा. लिंबोळ्यांच्या दिवसात तो चिकट गर आणि काड्या त्या फटीत बसतात, रोज झाडून घ्यावं लागेल. तेल वर्षाआड लावा. नाही लावलं तर लाकूड राखाडी होईल, त्यानं काही बिघडत नाही.

तेरणाकाठ
काका, फारच आभार. रेलिंगला फॅब्रिकेटर ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील म्हणतोय. चुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही.

गोदातीर
चुंबकानं ते कळत नाही. स्वस्तातलं २०२ ग्रेडचं स्टील सुद्धा चुंबकाला धरत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, बाहेर उघड्यावर डाग लवकर येतात. तपासणीच्या रसायनाचा थेंब टाकून रंग बघायला सांगा, आणि बिलावर ३०४ लिहून घ्या. एकाच जागी साधं लोखंड घासत असतील तर त्याचा कीस स्टीलवर बसून गंजतो, तेही सांगा. खर्च जास्त वाटला तर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप चालेल. वेल्डिंगला जस्त जळतं, त्या प्रत्येक सांध्यावर झिंकचा प्राइमर हवाच.

सीनाकाठ
भाचीसाठी एवढं करा: गज उभेच ठेवा, आडवे म्हणजे तिला शिडी. दोन गजांत चार इंचांपेक्षा कमी अंतर, उंची साडेतीन फूट. आणि ताई, वरचा हात, म्हणजे धरायचा दांडा, स्टीलचा नको. माझ्या सासूबाईंनी दुपारी स्टीलचं रेलिंग धरलं आणि चटका बसून पटकन सोडलं, तोल गेला. तुमच्या आई आधाराला तेच धरणार. वर लाकूड बसवा.

गोदातीर
हे अगदी बरोबर. एक तुळई हातासाठीच राखून ठेवा. दोन इंच रुंद, कडा गोल, खालून पट्टीला स्क्रूनं आवळलेली.

तेरणाकाठ
काल सुताराकडून एक तुळई कापून बघितली. भिंतीतलं टोक दीड हात पोकळ निघालं, पुढं मात्र आतून मधासारखा रंग, आणि गोठाभर सागवानाचा वास. आई येऊन तुकडा हातात घेऊन बसली, म्हणाली ही मधल्या खोलीवरची. तिच्यावर पाळण्याच्या कडीचं भोक आहे. ते भोक असलेला भाग हाताच्या लाकडात ठेवा म्हणून सुताराला सांगितलंय, दाराजवळ. खड्डे सोमवारी काढायलेत. मुरूम किती फुटांवर लागला ते कळवते.