टोल नक्की कुणी भरायचा? भावाशी वाजलंय, तुम्हीच सांगा

उंब्रजचा_पिकअपवाला

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी उंब्रजचा, स्वतःची पिकअप आहे, हप्ते अजून चालू आहेत. सीझनला आलं भरून पुण्याला मार्केट यार्डात जातो. आमच्याकडं आल्याचा भाव गाडीवर असतो, म्हणजे ५०० किलोची एक गाडी, माझ्या पिकअपमध्ये तशा तीन गाड्या बसतात. रात्री साडेबाराला निघायचं, आनेवाडीचा टोलनाका, मग खेड शिवापूरचा, पहाटे यार्डात माल उतरवायचा आणि चोवीस तासांच्या आत परत फिरायचं म्हणजे येताना पूर्ण टोल न कापता दोन्ही मिळून दीडपट कापतात, तेवढं एक वाचतं.

तर झालं असं की गावच्या यात्रेला चुलतभाऊ आला होता, हिंजवडीला आयटीत आहे. मटणाचं ताट पुढ्यात, आणि विषय निघाला टोलचा. तो म्हणाला जो रस्ता वापरतो त्यानं पैसे भरावेत, यात चुकीचं काय, ज्याच्याकडं गाडीच नाही त्याच्या खिशातून हायवे का बांधायचा. मी म्हटलं बाबा तुझं बरंय, तू १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला वार्षिक पास तेव्हा तीन हजारांना काढलास, २०० नाके, म्हणजे एका नाक्याला पंधरा रुपये पडले तुला. माझी पाटी पिवळी, मला तो पास मिळत नाही, तो फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला. तू वीकेंडला महाबळेश्वरला भजी खायला जाणार पंधरा रुपयांत आणि मी माल घेऊन जाणार पूर्ण टोल भरून, हे कुठलं गणित?

तर तो म्हणतो कसा, तू धंदा करतोस, टोल भाड्यात धर, गिऱ्हाइकाकडून घे.

आता गिऱ्हाईक कोण, तर त्याचाच बाप. म्हणजे माझे चुलते. त्या रात्री गाडीत आलं त्यांचंच होतं. पुण्यावरून पट्टी येते त्यात वर मालाची रक्कम आणि खाली वजा होत जातं, गाडीभाडं, हमाली, तोलाई, आणि उरेल ते शेतकऱ्याचं. मी टोल भाड्यात धरला की त्या भाड्याच्या आकड्यात तो जाऊन बसतो, वेगळा दिसतपण नाही. मी हे ताटावरच बोललो आणि चुलते एकदम गप्प झाले, भाऊ पण गप्प, मग काकूंनी रस्सा वाढला म्हणून विषय बदलला.

तर प्रश्न असा की गाडी घेताना टॅक्स भरला, डिझेलवर सेस भरतोय, वर टोल. एकाच रस्त्याचे पैसे तीनदा का? आणि द्यायचेच असतील तर कुणी किती द्यायचे याचा काही हिशेब असतो का, का मनाला येईल तसं ठरवतात?

जुना_मिस्त्री_सातारा

हिशेब असतो, मनाला येईल तसा नसतो. तो पटेल का ते वेगळं. मी तीस वर्षं रस्त्याच्या साईटवर काढली, आता गुडघ्यांमुळं घरी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

राष्ट्रीय महामार्गाचे टोलचे नियम २००८ चे आहेत. तेव्हा मूळ दर ठरले ते किलोमीटरला कारला ६५ पैसे, तुझ्यासारख्या हलक्या मालगाडीला १ रुपया ५ पैसे, दोन एक्सलच्या ट्रकला आणि बसला २ रुपये २० पैसे. त्यावर दर १ एप्रिलला वाढ, ३ टक्के ठरलेली आणि वर घाऊक महागाईच्या ४० टक्के. पूल, बोगदा असेल तर त्याची लांबी दहापट धरायची, म्हणून काही नाक्यांवर अंतर कमी आणि टोल जास्त दिसतो (जुलै २०२५ मध्ये यात थोडी सूट दिली, पण जिथं जवळजवळ निम्मा किंवा जास्त रस्ता पुलावरनं किंवा बोगद्यातनं जातो तिथंच तिचा फायदा).

आता गंमत बघ. अमेरिकेत १९५८ ते ६० मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून मोजलं की रस्ता खराब कशानं होतो. निघालं असं की एक्सलवरचं वजन दुप्पट केलं की झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. म्हणजे तुझ्या भावाची कार रस्त्याचं जवळजवळ काहीच बिघडवत नाही, रस्ता फोडतो तो भरलेला ट्रक, आणि त्यातही ओव्हरलोड. पण दोन एक्सलच्या ट्रकचा टोल कारच्या साडेतीनपटसुद्धा नाही. "जो वापरतो त्यानं भरावं" हे तुझ्या भावाचं वाक्य खरोखर लावायचं ठरवलं तर कारवाले जवळपास फुकट जातील आणि ट्रकचा टोल असा होईल की डाळ-तांदूळ घेताना सगळ्यांच्या डोळ्यात पाणी येईल. अर्थात झीज हा एकच खर्च नाही. चारपदरीचा सहापदरी करायला लागतो तो गर्दीमुळं, आणि शनिवारची गर्दी कारचीच असते. जमीन, पूल, बोगदा यांचा खर्च कारवाल्यांच्या डोक्यावर पण यायलाच पाहिजे.

आणि एक, बोलू नये पण बोलतो. कारखाने चालू झाले की दोन-दोन ट्रॉल्या लावून उसाचे ट्रॅक्टर जातात ना, त्यांना टोल शून्य. मी उसाच्या विरोधात नाही, माझापण अर्धा एकर आहे.

वाईची_वांगी

भावाला म्हणावं मे महिन्यात शनिवारी सकाळी खंबाटकी घाटात उभा राहा आणि मग सांग कोण रस्ता वापरतंय आणि कोण रस्त्यावर नुसतं बसलंय 😀

मीनल_विश्रामबाग

मी सांगलीहून लिहितेय, आमच्याकडं चारचाकी नाही आणि घ्यायचा विचारही नाही, त्यामुळं माझी बाजू कुणीच मांडत नाही म्हणून मीच मांडते.

दादा, तुमचं पटतं, पण "टोल बंद करा" असं जेव्हा सगळे ओरडतात तेव्हा पुढं काय होतं ते बघा. २०१५ ला राज्यानं १२ नाके बंद केले आणि ५३ ठिकाणी लहान गाड्यांना माफी दिली, ऑक्टोबर २०२४ ला मुंबईत शिरताना लागणाऱ्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल माफ केला. टाळ्या वाजल्या. पण करार झालेले असतात, त्यामुळं भरपाई सरकारच्या तिजोरीतून जाते. तिजोरी म्हणजे कोण? मी चहापावडर घेते त्यावरचा जीएसटी पण त्यातच पडतो. म्हणजे ठाण्याहून दादरला कारनं जाणाऱ्याचा टोल मी भरायचा, विश्रामबागच्या स्टॉपवर बसची वाट बघत? आणि पावसाळ्यात आमच्या कॉलनीच्या रस्त्यातून चप्पल हातात घेऊन चालायचं, त्याला मात्र निधी नाही.

बरं, राष्ट्रीय महामार्गावर एसटी पण टोल भरते. माझं माहेर कराडला, महिन्यातून एकदा जाते. पन्नास माणसं घेऊन जाणारी बस आणि माल भरलेला ट्रक एकाच दरात, हे वर मिस्त्री काकांनीच लिहिलंय. एका कारमध्ये एक माणूस असतो, त्याला वार्षिक पास. एसटीला द्या ना पास! यावर कधी मोर्चा निघाल्याचं मला तरी आठवत नाही, कारण एसटीतल्या बाईला टोल दिसतच नाही. तुमच्या चुलत्यांच्या पट्टीसारखंच आहे ते, तिकिटात मुरलेला.

मिरज_जंक्शन

मीनलताई मुद्दा बरोबर आहे पण तुम्ही टोलवाल्यांना फारच सोप्यात सोडलंत.

कोल्हापूर आठवतंय का? शहरातल्या शहरात टोल, भाजी आणायला गेलं तरी टोल. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या ढवळीचे एन. डी. पाटील सर, त्या वयात रस्त्यावर उतरले, गोविंदराव पानसरे उतरले, बायाबापड्या, रिक्षावाले, व्यापारी सगळे. कितीतरी वर्षं चाललं आणि डिसेंबर २०१५ ला टोल रद्द झाला. ते लोक फुकट मागत होते का? नाही. ते विचारत होते की किती खर्च झाला, कामं कशी झाली आणि आमच्याकडून किती वर्षं घेणार ते दाखवा. मीपण एका मोर्चात होतो, तेव्हा कॉलेजला होतो, खरं सांगायचं तर निम्मा लेक्चर बुडवायला गेलो होतो, पण सरांचं भाषण ऐकून तिथंच थांबलो.

माझं म्हणणं एवढंच आहे. दुकानदाराकडं उधारी असली तर वही असते. घेतले किती, फिटले किती, राहिले किती. टोलची वही कुठाय? नाक्यावर बोर्ड लावायला पाहिजे, रस्त्याला खर्च एवढा आला, आजपर्यंत जमा एवढे झाले, बाकी एवढी. पेट्रोल पंपावर भाव लागतो तसा रोज बदलणारा आकडा. २००८ च्या मूळ नियमात होतं की भांडवल वसूल झालं की टोल ४० टक्क्यांवर आणायचा, म्हणजे शंभराचे चाळीस. नंतर ते बदललं, आता वसूल झालं तरी पूर्णच घ्यायचा. आता मला सांगा, फिटलेल्या उधारीचे हप्ते कोण भरतं?

आणि रस्ता चांगला नसेल तर? केरळात त्रिशूरजवळच्या पालियेक्कराला ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टानं टोल थांबवला, कारण कामं चालू, खड्डे, तासन् तास ट्रॅफिक. सुप्रीम कोर्टात गेले तर तिथंही हायकोर्टाचीच बाजू राहिली. दोन महिन्यांनी टोल परत सुरू झाला ते खरं, पण दोन महिने तरी कुणीतरी विचारलं की कशाचे पैसे घेताय. आपल्याकडं कराड-मलकापूरला पुलाच्या कामात किती वर्षं डायव्हर्जन खाल्ली माणसांनी?

वाईची_वांगी

वहीचा बोर्ड मस्त आयडिया. फक्त तो बोर्ड लावायचं पण टेंडर निघेल आणि त्याचा खर्च टोलमध्ये धरतील

उंब्रजचा_पिकअपवाला

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मीनलताई तुमचं वाचून जरा खजील झालो, मी पण "बंदच करा" म्हणणाराच होतो.

मिरजवाले भाऊ, वहीवरून एक सांगतो. मागच्या महिन्यात एका नाक्यावर (नाव नको) फास्टॅग स्कॅन झाला नाही, माणसानं हातातल्या मशीननं परत स्कॅन केला, गेट उघडलं, मी पुढं गेलो, आणि पाच मिनिटांनी दोन मेसेज. दोनदा कापले. तक्रार केली, पैसे आले, पण अकरा दिवसांनी. आणि माझ्या टॅगमध्ये बॅलन्स नसता तर त्यांनी मला अकरा मिनिटं तरी थांबू दिलं असतं का? सव्वापट भर म्हणाले असते. टॅग चालला नाही आणि यूपीआयनं दिले तर सव्वापट, असे नियम आमच्यासाठी. त्यांच्याकडून चूक झाली की त्याला सव्वापट नाही.

जुना_मिस्त्री_सातारा

पिकअपवाल्या, ते सगळं राहू दे, तुझ्या कामाचं सांगतो. ज्या जिल्ह्यात नाका आहे त्याच जिल्ह्यातल्या पासिंगची धंद्याची गाडी असेल तर त्या नाक्यावर निम्मा टोल, अशी नियमात सोय आहे. तुझी गाडी कराड पासिंग, एमएच-५० नंबरची असणार, म्हणजे जिल्हा साताराच. आनेवाडी सातारा जिल्ह्यातच आहे. आरसी घेऊन नाक्याच्या ऑफिसात जा, फास्टॅगला सवलत जोडून घे. खेड शिवापूर पुणे जिल्ह्यात, तिथं नाही मिळायची. आणि एक अट आहे, गाडीला नॅशनल परमिट, म्हणजे राज्याबाहेर माल न्यायचा परवाना, नको.

उंब्रजचा_पिकअपवाला

काका 😔 नॅशनल परमिट गेल्या दिवाळीत काढलंय. बेळगावला आलं न्यायचं होतं म्हणून. दोनच खेपा झाल्या तिकडं.

मिरज_जंक्शन

हाहाहा. सॉरी. पण हाहाहा.

जुना_मिस्त्री_सातारा

मग हिशेब घाल. वर्षात बेळगावच्या खेपा किती आणि पुण्याच्या किती. परमिट संपेल तेव्हा रिन्यू करायच्या आधी बस वही घेऊन.

उंब्रजचा_पिकअपवाला

घालतो काका. आता निघतो, पोती भरायला सुरुवात झालीय, आज पण चुलत्यांचंच आलं आहे. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, तुला टोल किती लागतो ते एका कागदावर वेगळं लिहून दे, मी पोरालाच तेवढे पैसे पाठवायला सांगतो.