२०१२ ला स्ट्रासबर्गला घरी बसवून नॅशनल्सनी काय कमावलं?

उत्तरेचा_वारा

बेसबॉलवर इथे फारसे धागे निघत नाहीत. पण वॉशिंग्टन डीसीच्या आसपास मराठी मंडळी भरपूर आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांशी माझं या एका विषयावरून वाजलेलं आहे. एकदा लेखी होऊन जाऊ दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वॉशिंग्टन नॅशनल्स हा संघ २००५ मध्ये माँट्रियलहून इथे आला. २००८ ला १०२ सामने हरला, २००९ ला १०३. तळाच्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिली निवड मिळायची, त्यामुळे लागोपाठ दोन हिरे हाती लागले: २००९ ला पिचर (चेंडू टाकणारा) स्टीफन स्ट्रासबर्ग, २०१० ला बॅटर ब्राइस हार्पर. स्ट्रासबर्गने जून २०१० मध्ये पदार्पणातच पिट्सबर्गचे १४ बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. ऑगस्टमध्ये कोपराचा लिगामेंट फाटला, सप्टेंबरमध्ये टॉमी जॉन सर्जरी (तो लिगामेंट नव्याने बसवण्याची), वर्षभराने पुनरागमन.

२०१२ ला संघाने ९८ सामने जिंकले, दोन्ही लीग मिळून सर्वांत जास्त. १९३३ नंतर डीसीत पहिल्यांदाच ऑक्टोबरमध्ये बेसबॉल, म्हणजे प्लेऑफ (विजेतेपदाची बाद फेरी), होणार होतं. आणि नेमकं तेव्हा जनरल मॅनेजर माइक रिझोंनी ७ सप्टेंबरच्या सामन्यानंतर स्ट्रासबर्गचा मोसम संपवला. १५९ इनिंग (एका सामन्यात साधारण नऊ असतात) झाल्या, कोपर नवं आहे, आता बस.

माझ्या मते ही घोडचूक होती. संघ नव्याने बांधायचा म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं हरणं बघितलं ते कशासाठी? अशा एका ऑक्टोबरसाठीच ना? सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्धच्या पाच सामन्यांच्या मालिकेत दुसरा सामना १२-४ ने गेला, तिसरा ८-० ने. पाचव्यात ६-० पुढे असताना ९-७ ने हरलो. आपला सर्वांत भेदक पिचर तेव्हा जर्सीऐवजी जाकीट घालून बसलेला!

डावखुरा

पाचवा सामना घालवला बुलपेनने (नंतर उतरणाऱ्या राखीव पिचरनी). नववी इनिंग, ७-५ पुढे, दोन आउट. एक स्ट्राइक हवा होता, एक! ड्र्यू स्टोरेनने तिथून चार रन दिले. स्ट्रासबर्ग असता तर तो नवव्या इनिंगला येणार होता का?

आणि त्याच्या जागी प्लेऑफमध्ये कोण खेळला ते सोयीस्कर विसरलात. रॉस डेटवायलर. चौथ्या सामन्यात सहा इनिंग, एकही अर्न्ड रन (पिचरच्या खात्यावर धरला जाणारा) नाही. तो सामना आपण जिंकलो.

नियमही काही खास त्याच्यासाठी काढलेला नव्हता. जॉर्डन झिमरमनची हीच सर्जरी २००९ ला झाली होती, त्यालाही २०११ मध्ये १६१ इनिंगवर थांबवलं. तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही, कारण संघ शर्यतीत नव्हता. कोपराला गुणतक्ता वाचता येत नाही हो.

उत्तरेचा_वारा

झिमरमनचंच नाव काढलंत ते बरं केलंत. दुसऱ्या सामन्यात तीन इनिंगमध्ये पाच रन देऊन गेला तो. तिसऱ्यात एडविन जॅक्सन. या दोघांतल्या एकाचा सामना स्ट्रासबर्गने काढला असता तर पाचवा खेळायची वेळच आली नसती.

डावखुरा

७ सप्टेंबरला त्याने स्वतःच तीन इनिंगमध्ये पाच रन दिले होते. दमला होता तो. तुमच्या डोक्यात जून २०१० चा स्ट्रासबर्ग आहे.

पेठकर

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण हे आपल्या बुमराहसारखंच दिसतंय. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोटी खेळवणार, हे आधीच जाहीर केलं होतं. तेव्हाही हीच बोंबाबोंब. शेवटी भारत जिंकला त्या दोन्ही कसोट्यांत तो नव्हता! पण निदान आधी सांगितलं होतं. या रिझोंनी ऐन सप्टेंबरमध्ये जाहीर केलं का?

उत्तरेचा_वारा

नाही, मोसम सुरू होण्याआधीच सांगितलं होतं. आणि माझा खरा राग त्यावरच आहे. फेब्रुवारीत माहीत आहे की हा साधारण १६० इनिंग टाकणार, मग एप्रिलपासून दर पाचव्या दिवशी त्याला उभं कशाला केलं? उशिरा सुरू करा. मध्ये महिनाभर बुलपेनमध्ये ठेवा. आपल्याच विभागातल्या अटलांटाने त्याच वर्षी तेच केलं. क्रिस मेडलेनची सर्जरीही २०१० चीच. त्याला जुलैअखेरपर्यंत बुलपेनमध्ये ठेवला, मग सुरुवातीचा पिचर केला. मोसमात १३८ इनिंग, १० विजय १ पराभव, ईआरए (नऊ इनिंगमागे अर्न्ड रन) १.५७, आणि ऑक्टोबरमधला पहिला चेंडू त्याच्याच हातात.

मर्यादा घातली याबद्दल माझी तक्रार नाही. ती कुठे खर्च करायची याचा हिशोब कच्चा होता. पहिली तारीख ते वीस तारीख मजेत आणि शेवटचे दहा दिवस उधारी, असा कारभार.

डावखुरा

मेडलेनची गोष्ट पूर्ण सांगा की. तो ऑक्टोबरमधला सामना अटलांटा हरली. आणि मार्च २०१४ मध्ये मेडलेनची दुसरी टॉमी जॉन झाली.

अस्थिबंध

फिजिओथेरपिस्ट आहे, पिचर मंडळींचा थोडा अनुभव आहे, म्हणून लिहिते.

या सर्जरीत कोपराच्या आतल्या बाजूच्या फाटलेल्या लिगामेंटच्या जागी शरीरातलाच दुसरीकडचा टेंडन काढून बसवतात. तो नव्या जागी रुळून लिगामेंटचं काम करायला लागेपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये ही पहिल्यांदा टॉमी जॉनवर केली आणि तो त्यानंतर तब्बल १६४ सामने जिंकला. पण तेव्हा प्रत्येक चेंडू जीव खाऊन टाकायची पद्धत नव्हती.

इनिंगचा आकडा हा अंदाज आहे. १६० ला सुरक्षित आणि १८० ला धोकादायक, अशी रेघ कोपरात कुठेही आखलेली नसते. बारा चेंडूंची सोपी इनिंग आणि तीन बॅटर बेसवर असताना तीस चेंडूंची इनिंग, दोन्ही कागदावर एकच. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरच्या दुखापतींवर अहवाल काढला, त्यात मुख्य बोट वेगाच्या हव्यासाकडे आणि सतत पूर्ण ताकद लावण्याकडे होतं. थकलेल्या खांद्याने पूर्ण ताकद लावायला गेलं की भार कोपरावर येतो. त्यामुळे उत्तरेचा_वारा म्हणतात तसं काम पसरून देणं मला पटतं. पण सुरुवातीचा पिचर आणि बुलपेन अशी अदलाबदल हीसुद्धा शरीराला फुकट पडत नाही. तयारी, विश्रांती, सगळं बदलतं.

ठसका

एवढं जपून त्याचं पुढे झालं काय ते सांगा ना. डिसेंबर २०१९ मध्ये ७ वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा करार, त्यानंतर एकूण सामने आठ. आठ! कार्पल टनेल (मनगटात नस दबणं), मग थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम (मान-खांद्याजवळ नसा दबणं), २०२४ ला निवृत्ती. कपाटातला चांदीचा पेला जपून जपून काळा पडला.

डावखुरा

आणि त्या कराराआधीचा ऑक्टोबर? २०१९ च्या प्लेऑफमध्ये ५-०, ईआरए १.९८, ह्यूस्टनविरुद्ध सहाव्या सामन्यात आठ इनिंगच्या वर, वर्ल्ड सिरीजचा (अंतिम मालिकेचा) सर्वोत्तम खेळाडू. संघ हरता हरता उभा राहिला होता, १९ विजय ३१ पराभव इथून विजेतेपद. ते या खांद्यावरच आलं.

उलट बाजू बघायची तर न्यूयॉर्क मेट्सचा पिचर मॅट हार्वी बघा. त्याची सर्जरी २०१३ ची. २०१५ ला त्याचा एजंट स्कॉट बोरास (स्ट्रासबर्गचाही तोच) १८० इनिंगची मर्यादा पाळा म्हणून कानीकपाळी ओरडत होता. मेट्सनी प्लेऑफ धरून २१६ टाकून घेतल्या. वर्ल्ड सिरीजही गमावली. पुढच्याच जुलैत थोरॅसिक आउटलेटची सर्जरी, आणि तो हार्वी परत कधी दिसला नाही.

ठसका

म्हणजे जपला तरी थोरॅसिक आउटलेट, नाही जपला तरी थोरॅसिक आउटलेट. छान.

डावखुरा

एकाला ते २७ व्या वर्षी आलं, दुसऱ्याला विजेतेपदाची अंगठी मिळाल्यावर. मालकाला विचारा फरक पडतो का.

उत्तरेचा_वारा

२०१९ हा २०१२ चा पुरावा कसा होतो? मध्ये सात वर्षं गेली. २०१२, १४, १६, १७, चार वेळा विभाग जिंकला आणि चारही वेळा पहिल्याच मालिकेत बाहेर. २०१९ पर्यंत हार्पर फिलाडेल्फियाला गेलासुद्धा. रिझो तेव्हा म्हणत होते की अशा संधी पुन्हा पुन्हा येतील. आल्या, पण ज्याच्यासाठी एवढं हरलो तो अर्धा पाया तोवर दुसऱ्याच्या घरात होता.

आणि आताची बांधणी बघा. २०२१ ला मॅक्स शर्झर आणि ट्रे टर्नर डॉजर्सना दिले, २०२२ ला हुआन सोटो सॅन दिएगोला. शर्झरच्या बदल्यात आलेला जोसाया ग्रे, २०२४ ला टॉमी जॉन. आपलाच पहिल्या फेरीतला केड कॅव्हली, २०२३ ला टॉमी जॉन, आणि त्याआधी मेजर लीगमध्ये फक्त एक सामना खेळलेला! त्याच्या कुठल्या इनिंग मोजणार होतात?

अस्थिबंध

कॅव्हलीचा मुद्दा बरोबर आहे. ही झीज शाळा-कॉलेजपासून साठत आलेली असते. संघाच्या हातात येतं ते निम्मं वापरलेलं कोपर.

डावखुरा

तरी कॅव्हलीला परत आणताना घाई केली नाही. थेट ऑगस्ट २०२५ मध्ये उतरवला.

उत्तरेचा_वारा

त्या वर्षी ९६ सामने हरलो. घाई कशासाठी करणार होते?