दिवे असलेली डीडीआर५ रॅम: ६००० घ्यावी की ७२००, आणि निवडताना नेमके काय तपासावे?

मूळ प्रश्न (विदर्भवासी)

नमस्कार. रायझन ७ ९७००एक्स हा प्रोसेसर घेऊन नवा संगणक जुळवतो आहे. त्यावर मुख्यतः व्हिडिओ संपादन, ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममधील काम आणि थोडे गेमिंग होईल. कॅबिनेटची एक बाजू काचेची आहे आणि रॅमवर दिवे असावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे, त्यामुळे "दिवे कशाला हवेत" हा मुद्दा कृपया बाजूला ठेवावा. दुकानात मला ३२ जीबीचे, म्हणजे १६ च्या दोन स्टिकचे, तीन किट दाखवण्यात आले: ६००० सीएल३६, ६००० सीएल३० आणि ७२०० सीएल३४ (पहिला आकडा वेगाचा; सीएल म्हणजे माहिती मिळेपर्यंत जाणारे घड्याळाचे ठोके). आकडा मोठा तेवढी रॅम वेगवान, म्हणून ७२०० घ्या, असे दुकानदारांचे म्हणणे आहे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव ज्या वेगाने चढले ते पाहता खरेदी चुकलेली परवडणार नाही. मी नागपुरात राहतो, खोलीत एसी नाही आणि नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा कूलर आधीच घेतलेला आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (बिटबाइट)

आपल्या प्रोसेसरसाठी ७२०० घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रॅमची प्रत्यक्ष दिरंगाई काढण्याची रीत सोपी आहे. सीएलच्या आकड्याला २००० ने गुणावे आणि रॅमच्या वेगाने भागावे, म्हणजे उत्तर नॅनोसेकंदांत मिळते. ६००० सीएल३६ ची दिरंगाई १२ नॅनोसेकंद येते, ६००० सीएल३० ची १०, आणि ७२०० सीएल३४ ची सुमारे ९.४. एवढेच पाहिले तर ७२०० सरस दिसते. परंतु एएम५ (आपल्या प्रोसेसरचे सॉकेट) मदरबोर्डवर ६००० च्या रॅमसोबत प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग, रॅमच्याच घड्याळाने, म्हणजे ३००० मेगाहर्ट्झने चालतो (दर ठोक्याला माहिती दोनदा जाते, म्हणून वेग ६०००), आणि वेग साधारण ६४०० च्या पुढे गेला की बहुतेक वेळा त्याला निम्म्या गतीवर उतरावे लागते. ७२०० ला तो १८०० मेगाहर्ट्झवर येतो. त्यामुळे वाढणारी दिरंगाई कागदावरचा अर्ध्या नॅनोसेकंदाचा फायदा गिळून टाकते.

दुसरी बाब बँडविड्थची. दोन चॅनेलवर ६००० ची रॅम सैद्धांतिकदृष्ट्या सेकंदाला ९६ जीबी देऊ शकते. ९७००एक्समध्ये मात्र सगळे कोअर एकाच चिपलेटवर (प्रोसेसरमधील छोट्या चिपवर) आहेत, आणि ते चिपलेट ज्या इन्फिनिटी फॅब्रिक नावाच्या अंतर्गत जोडणीतून माहिती वाचते, त्याची क्षमता २००० मेगाहर्ट्झला सेकंदाला ६४ जीबी एवढीच आहे. जिथे ९६ सुद्धा पूर्ण वापरात येत नाहीत, तिथे ७२०० च्या ११५ जीबीसाठी जास्तीचे पैसे मोजण्याला अर्थ उरत नाही.

म्हणून ६००० सीएल३० घ्यावी, आणि पाकिटावर एक्सपो (रॅम जाहीर वेगाने चालवणारी एएमडीची तयार सेटिंग) लिहिलेले आहे याची खात्री करावी. केवळ एक्सएमपी (इंटेलची तशीच सेटिंग) असलेले किटही बहुधा चालते, पण एक्सपोमधील आकडे एएमडीच्या मदरबोर्डसाठी ठरवलेले असतात. सीएल३६ चे किट बरेच स्वस्त मिळत असेल तर तेही टाकाऊ नाही. ब्लेंडरच्या रेंडरमध्ये हा फरक फारसा जाणवणार नाही, गेममध्ये थोडा जाणवेल.

उत्तर (पश्चिमघाट)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र आपण नागपूरचे आणि खोलीत एसी नाही, म्हणून उष्णतेबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक परीक्षणे वीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेली असतात आणि आपल्याकडच्या मे महिन्याला ती लागू पडत नाहीत.

रॅमच्या पेशींतील विद्युतभार सतत गळत असतो आणि तो ठरावीक अंतराने पुन्हा भरावा लागतो. तापमान वाढले की गळती वाढते; ८५ अंशांच्या वर हे पुनर्भरण दुप्पट वेळा करावे, असे मानकच सांगते. एक्सपोसारख्या ताणलेल्या सेटिंगमध्ये चुका त्याच्या कितीतरी आधी सुरू होऊ शकतात. त्यात डीडीआर५ चे मूळ व्होल्टेज १.१ असताना ६००० सीएल३० ची किट बहुधा १.३५ वर चालतात, आणि व्होल्टेज नियंत्रित करणारी चिप आता मदरबोर्डवर नसून स्टिकवरच असते. दिव्यांची स्वतःची उष्णता नगण्य आहे. खरा फरक हा की, जिथे धातूच्या हीटसिंकची वरची कड मोकळ्या हवेत असायची, तिथे आता प्रकाश पसरवणारी प्लास्टिकची पट्टी बसते.

म्हणून चाचणी अशी करावी. एक्सपो सुरू करून पहिल्यांदा संगणक चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटे काळीच राहू शकते. ते रॅमचे ट्रेनिंग असते, म्हणजे मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो; घाबरून बटण दाबू नये. त्यानंतर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवावा. एवढ्यावर थांबू नये. भर दुपारी विंडोजमध्ये टेस्टमेम५ ही रॅमची चाचणी आणि ग्राफिक्स कार्डावर ताण देणारा एखादा प्रोग्राम एकत्र चालवावेत, कारण आजच्या अनेक कार्डांच्या पाठीतून निघणारी गरम हवा थेट स्टिकच्या दिशेने जाते आणि नुसत्या मेमटेस्टमध्ये ही परिस्थिती कधीच उद्भवत नाही. डीडीआर५ च्या स्टिकवर तापमापक असतो आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये त्याचे आकडे दिसतात. एक जरी चूक आढळली तरी ती सेटिंग अस्थिर समजावी. व्हिडिओच्या फाइली मुकाट्याने खराब होतात आणि ते महिन्यांनी लक्षात येते. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत चूक दुरुस्त करण्याची सोय आहे हे खरे. पण चिप आणि प्रोसेसर यांच्या दरम्यान घडणारी चूक ती पकडत नाही.

कूलरचाही विचार करावा. एनएच-डी१५ ला दोन्ही पंखे लावल्यावर पुढच्या पंख्याखाली रॅमसाठी ३२ मिमी जागा उरते. दिव्यांच्या स्टिक साधारण ४४ मिमी उंच असतात, म्हणजे पुढचा पंखा सुमारे १२ मिमी वर सरकवावा लागेल आणि कूलरची १६५ मिमी उंची १७७ च्या आसपास जाईल. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ही मर्यादा आजच तपासावी. शिवाय तो पंखा स्टिकच्या अगदी वर येतो, त्यामुळे ज्या दिव्यांसाठी आपण पैसे देणार आहात ते काचेतून पुरते दिसणारच नाहीत. पुढचा पंखा काढून फक्त मधला ठेवणे हा माझ्या मते उत्तम मार्ग आहे. ९७००एक्सला तेवढे पुरते.

उत्तर (मुक्तस्रोत)

दिव्यांच्या सॉफ्टवेअरचाही विचार व्हावा. दिवे आणि तापमापक मदरबोर्डच्या एकाच बसवरून (संदेशवाहिनीवरून) बोलतात, म्हणून दोन प्रोग्राम एकाच वेळी तिच्यावर आले की दिवे अडखळतात किंवा तापमान भलतेच दिसते. चाचणीच्या वेळी दिव्यांचा प्रोग्राम पूर्ण बंद ठेवावा. असे प्रोग्राम हार्डवेअरच्या अगदी तळापर्यंत पोहोचणारे ड्रायव्हर वापरतात. अशा अनेक प्रोग्रामच्या पोटात असलेला विनरिंग० हा ड्रायव्हर २०२५ मध्ये विंडोज डिफेंडरने धोकादायक ठरवून अडवला होता. ज्या किटमध्ये निवडलेला रंग स्टिकवरच साठवता येतो, ते मी निवडेन: रंग एकदा ठरवावा आणि प्रोग्राम काढून टाकावा.

विदर्भवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ६००० सीएल३० नक्की करतो. एकच शंका उरते: चारही स्लॉट उजळलेले दिसावेत म्हणून ८ जीबीच्या चार स्टिक घेतल्या तर चालेल का?

उत्तर (बिटबाइट)

तसे करू नये. आपल्या प्रोसेसरसाठी एएमडीने दोन स्टिकवर ५६०० चा वेग अधिकृत केला आहे, तर चार स्टिकवर तो ३६०० वर येतो. त्याहून जास्त चालेल की नाही हा नशिबाचा भाग झाला. चारही स्लॉट भरायचेच असतील तर काही कंपन्या आत मेमरी नसलेल्या, केवळ दिव्यांच्या स्टिक विकतात. खऱ्या स्टिक प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्यात. मात्र स्टिकमधली मोकळी जागा भरली की हवेला वाट उरत नाही, म्हणून दुपारची चाचणी दिव्यांच्या स्टिक बसवल्यानंतर पुन्हा करावी.