विमा आहे, पण कुणाच्या पैशाला?

काही जण म्हणतात की पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँक बुडाल्यानंतर ठेवीदारांसाठी पुरेशा सुधारणा झाल्या. झाल्या खऱ्या: २०२० मध्ये ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणारी भरपाई, जास्तीत जास्त १ लाखाची ५ लाख झाली, २०२१ च्या दुरुस्तीनं बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत ते पैसे मिळायची तरतूद आली. पण हे सगळं बँकांपुरतं. आमच्या यवतमाळकडच्या गावांत कापसाचा चुकारा, पोरीच्या लग्नाची ठेव बरेचदा पतसंस्थेत असते. व्याज थोडं जास्त, आणि एजंट घरी येऊन पैसे नेतो. पतसंस्था सहकार खात्याखाली. तिथल्या ठेवीला हा विमा नाहीच. ती बुडाली तर शेतकऱ्यानं अवसायकाच्या (बुडालेल्या संस्थेची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) दारात किती वर्षं उभं राहायचं? निदान पासबुकावर 'या ठेवीला विमा नाही' असं ठळक अक्षरांत छापायची सक्ती तरी करा.